पौंडांचा गुणाकार आणि न मांडलेली वजाबाकी

मध्यमवर्गीय मराठी घरांत सध्या एक हिशेब फार आवडीने मांडला जातो. कुणाचा तरी मुलगा किंवा कुणाची तरी सून एम.बी.बी.एस. होऊन इंग्लंडला जाते. तिकडच्या सरकारी आरोग्य सेवेत नोकरी लागते आणि लग्नसमारंभाच्या पंगतीत आकडा फिरू लागतो, 'वर्षाला पन्नास लाख!' ऐकणारे आईवडील घरी येतात, आपल्या पाल्याकडे पाहतात आणि कर्जाची चौकशी करायला बँकेत जातात. हा आकडा खोटा नसतो. पौंडातल्या पगाराला रुपयाच्या भावाने गुणले की तो बरोबर येतो. मात्र पगाराला गुणताना जी तत्परता दिसते, ती खर्चाला गुणताना दिसत नाही. मिळकत पौंडात आणि खर्च मनातल्या मनात रुपयांत, अशा अर्ध्या हिशेबावर आज अनेक घरांचे भवितव्य तोलले जात आहे. म्हणून हा हिशेब एकदा पूर्ण मांडून पाहणे आवश्यक आहे.

इंग्लंडमध्ये नव्याने जाणारा आपला तरुण डॉक्टर बहुधा नोंदणीनंतरच्या दुसऱ्या वर्षाच्या निवासी डॉक्टराच्या पातळीवर रुजू होतो. २०२५-२६ च्या वेतनश्रेणीनुसार या पातळीचे मूळ वेतन वर्षाला ४४,४३९ पौंड होते. सोयीसाठी पौंड ११५ रुपयांचा धरला, तर हे झाले ५१ लाख रुपये. पंगतीतला आकडा तो हाच. आता कपात पाहू. निवृत्तिवेतन योजनेची वर्गणी जवळपास ४,३५० पौंड. पहिल्या १२,५७० पौंडांवर कर नाही. उरलेल्या रकमेवर २० टक्के दराने प्राप्तिकर सुमारे ५,५०० पौंड. राष्ट्रीय विम्याची ८ टक्के वर्गणी सुमारे २,५५० पौंड. म्हणजे १२,४०० पौंड पगारपत्रकावरच कापले जातात. हाती पडतात वर्षाला साधारण ३२,००० आणि महिन्याला २,६७० पौंड. रात्रपाळीचे आणि सुटीच्या दिवसांचे जादा पैसे मिळतात हे खरे. परंतु करासाठी धरले जाणारे उत्पन्न ५०,२७० पौंडांच्या पुढे गेले की वरच्या रकमेवर ४० टक्के कर लागतो, हेही तितकेच खरे.

परिचारिकांचे गणित याहून कठीण आहे. त्यांची सुरुवातीची श्रेणी २०२५-२६ मध्ये ३१,०४९ पौंडांपासून होती. त्याच पद्धतीने कपात केली, तर हाती महिन्याला १,९८० पौंडांच्या आसपास रक्कम येते.

आता खर्चाकडे वळू. पहिला आणि सर्वांत मोठा खर्च घरभाड्याचा. ब्रिटनच्या सरकारी सांख्यिकी कार्यालयाच्या २०२५ मधील आकड्यांनुसार खासगी घरभाड्याची देशभरची सरासरी महिन्याला १,३०० पौंडांच्या पुढे, तर लंडनची सरासरी २,२०० पौंडांच्या पुढे होती. डॉक्टरांची वेतनश्रेणी मात्र सबंध इंग्लंडात एकच असते. लंडनमध्ये राहणाऱ्या निवासी डॉक्टराला त्यासाठी मिळणारा भत्ता वर्षाला अवघा २,१६२ पौंड, म्हणजे महिन्याला १८० पौंड. भाड्यातला फरक हजारांचा आणि भत्ता दीडदोनशेचा! त्यामुळे 'मुलगा लंडनला आहे' हे सांगताना अभिमान कितीही वाटो, हिशेबाच्या दृष्टीने तो उत्तर इंग्लंडातल्या एखाद्या लहान गावात असता, तर अधिक सुखी असता.

अशा लहान गावात एकट्याने राहणाऱ्या डॉक्टराचा महिना आपण ढोबळ अंदाजाने मांडू. एका खोलीच्या घराचे भाडे ७०० पौंड. स्थानिक संस्थेचा कर, वीज, गॅस, पाणी, दूरध्वनी असे मिळून ३००. (आपल्याकडे घरपट्टी मालक भरतो, तिकडे काउन्सिल टॅक्स भाडेकरूला भरावा लागतो, हे अनेकांना तिथे पोहोचल्यावर कळते.) जेवणखाण २५०. बस, रेल्वे किंवा जुनी मोटार आणि तिचा विमा २००. नोंदणी शुल्क, पुढच्या परीक्षा आणि व्यावसायिक विमा यांचे १००. वर्षातून एकदा मायदेशी येण्याच्या तिकिटासाठी बाजूला ठेवायचे ७०. कपडे, औषधपाणी आणि किरकोळ १५०. एकूण १,७७०. शिल्लक ९०० पौंड, म्हणजे १ लाख ३ हजार रुपये. ही शिल्लक चांगलीच म्हटली पाहिजे. ती नाकारण्याचे कारण नाही.

परंतु मुलगा एकटा किती वर्षे राहील? लग्न होते, मूल होते. मोठे घर घ्यावे लागते. त्याचे भाडे ९५० पौंड. कर आणि वीज-गॅस ४००, जेवणखाण ४५०, प्रवास २५०, व्यावसायिक खर्च १००, तिघांच्या तिकिटांची तरतूद २००, किरकोळ २००. बेरीज २,५५०. शिल्लक १२० पौंड, म्हणजे चौदा हजार रुपयेदेखील नाहीत. पत्नीने नोकरी करायची ठरवले, तर दोन वर्षांखालच्या मुलाला पूर्ण वेळ पाळणाघरात ठेवण्याचा खर्च सवलतीशिवाय महिन्याला सहज हजार पौंडांच्या पुढे जातो, आणि सरकारी अर्थसाहाय्याचा लाभ घेता येणार नाही ही अट बहुतेक व्हिसांवर छापलेली असते. आपल्याकडे आजी-आजोबा ज्या कामासाठी एक रुपयाही घेत नाहीत, त्याचे मोल तिकडे पौंडात मोजावे लागते. एकत्र कुटुंब ही केवळ भावनेची बाब नसून भक्कम अर्थव्यवस्था आहे, याचा साक्षात्कार अनेकांना सातासमुद्रापलीकडे होतो तो असा.

अर्थशास्त्रज्ञ यालाच क्रयशक्तीची समानता म्हणतात. बाजारात पौंड ११५ रुपयांना मिळत असला, तरी इंग्लंडात एका पौंडात जेवढ्या वस्तू आणि सेवा मिळतात, तेवढ्या भारतात साधारण तीस-पस्तीस रुपयांत मिळतात. या मापाने ५१ लाखांचा पगार १४-१५ लाखांच्या घरात येतो. जेवढा पैसा वाचवून मायदेशी पाठवला, तेवढ्यापुरताच ११५ चा भाव खरा. जो पैसा तिथेच खर्च होतो, त्याचा भाव तीस-पस्तीसचाच.

आता इकडची बाजू तितक्याच प्रामाणिकपणे मांडू. महाराष्ट्रातल्या शासकीय सेवेतील गट-अ वैद्यकीय अधिकाऱ्याचे मूळ वेतन सातव्या आयोगाप्रमाणे ५६,१०० रुपयांपासून सुरू होते. महागाई भत्ता आणि इतर भत्ते धरून पगार लाखाच्या आसपास जातो. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत प्राप्तिकर नाही. निवृत्तिवेतनाची कपात जाऊन नव्वद हजार हाती आले आणि तालुक्याच्या गावी शासकीय निवासस्थान मिळाले, तर एकटा डॉक्टर पन्नास हजार आणि कुटुंबवत्सल डॉक्टर तीस-पस्तीस हजार सहज वाचवू शकतो. म्हणजे एकट्याच्या शिलकीत दोनास एक असे प्रमाण पडते आणि कुटुंबाच्या शिलकीत पारडे आपल्याच बाजूला झुकते. पन्नास लाख विरुद्ध बारा लाख या आकड्यांतून जी दरी दिसत होती, ती प्रत्यक्षात एवढीच.

मग तरुण डॉक्टर जातात का? या प्रश्नाचे उत्तर 'पैशाच्या लोभापायी' असे देऊन मोकळे होणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. वरच्या हिशेबातले 'तर' फार मोठे आहेत. निवासस्थान मिळाले तर. आणि ते मिळाले तरी त्याचे छप्पर गळत नसेल तर. पगार वेळेवर झाला तर. कंत्राटी तत्त्वावर नेमलेल्या डॉक्टराला यांतले काहीच हक्काने मागता येत नाही. पुण्या-मुंबईच्या खासगी रुग्णालयांत पन्नास-साठ हजारांवर रात्रपाळ्या करणाऱ्या नव्या डॉक्टराला तर खोलीचे भाडे देऊन महिनाअखेर गाठणे अवघड जाते. इंग्लंडात कामाच्या तासांना कायद्याची मर्यादा आहे, आठवड्याला सरासरी ४८ तास. आपल्याकडच्या निवासी डॉक्टराला सलग छत्तीस तासांची ड्यूटी नवी नाही. तिकडे प्रशिक्षणाची पायरी ठरलेली असते आणि सल्लागार पदापर्यंत पोहोचणाऱ्याचे वेतन २०२५-२६ मध्ये १,०९,७२५ पौंडांपासून सुरू होत होते. इकडे रुग्ण दगावला की नातेवाइकांचा जमाव वॉर्डात शिरतो. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या शासकीय रुग्णालयात कर्तव्यावर असलेल्या तरुण महिला डॉक्टराची जी अमानुष हत्या झाली, ती आठवली की आजही देशाची मान खाली जाते. सुरक्षितता, सन्मान आणि शिकण्याची संधी यांचा शोध घेत बाहेर पडणाऱ्याला देशद्रोही ठरवण्याचा अधिकार, त्या तीन गोष्टी देऊ न शकलेल्या समाजाला नाही.

तथापि जाणाऱ्यांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी आणखी एक गोष्ट डोळसपणे पाहिली पाहिजे. ब्रिटनचे दार पूर्वीसारखे उघडे राहिलेले नाही. नोंदणीसाठी द्यावयाच्या 'प्लॅब' परीक्षेच्या दोन टप्प्यांचे शुल्कच बाराशे पौंडांच्या पुढे आहे. दुसरा टप्पा मँचेस्टरला जाऊनच द्यावा लागतो. व्हिसा, प्रवास, इंग्रजीची परीक्षा, महिना-दोन महिन्यांचे वास्तव्य यांची बेरीज केली, तर नोकरीचा पहिला पौंड हाती येण्यापूर्वीच काही लाख रुपये खर्ची पडलेले असतात. एवढे करून नोकरी लागेलच याची हमी नाही. २०२५ मध्ये तज्ज्ञ प्रशिक्षणाच्या सुमारे दहा हजार जागांसाठी तीस हजारांच्या आसपास उमेदवार होते. त्याच वर्षी जुलैमध्ये मांडलेल्या दहा वर्षांच्या आरोग्य आराखड्यात ब्रिटिश पदवीधरांना प्राधान्य देण्याचे आणि परदेशातून होणारी भरती २०३५ पर्यंत दहा टक्क्यांच्या खाली आणण्याचे धोरण तिथल्या सरकारने जाहीर केले. त्याआधी मे महिन्यात स्थलांतरविषयक श्वेतपत्रिकेत कायमच्या वास्तव्यासाठीची पाच वर्षांची अट दहा वर्षांवर नेण्याचा प्रस्ताव मांडला गेला.

यात ब्रिटनला दोष देण्याचे कारण नाही. प्रत्येक राष्ट्र प्रथम आपल्या मुलांचा विचार करते आणि त्याने तो करावा. त्या देशाच्या सरकारी आरोग्य सेवेत ब्रिटिशांखालोखाल सर्वाधिक संख्या भारतीयांची आहे. गरज होती तेव्हा त्यांनी बोलावले, गरज बदलली की नियम बदलले. ज्या पगाराकडे आपण डोळे विस्फारून पाहतो, तो पुरत नाही म्हणून तिथले निवासी डॉक्टर २०२३ पासून वेळोवेळी संपावर गेले, यातही आपल्यासाठी बोध आहे. दुसऱ्याच्या घरातली सोय ही सोयच असते. तिला हक्क समजून त्यावर घर गहाण टाकणे शहाणपणाचे नाही.

येथवर झाला तो कुटुंबाचा हिशेब. राष्ट्राचा हिशेब आणखी निराळा आहे. भारतीय परंपरेने माणूस जन्मतः ऋणी मानला. देवऋण, ऋषीऋण, पितृऋण आणि यांच्या जोडीला आधुनिक काळात आपण ज्याला समाजऋण म्हणतो ते. शासकीय महाविद्यालयात अत्यल्प शुल्कात शिकलेल्या डॉक्टराच्या शिक्षणाचा भार खाद्यतेलावरही कर भरणाऱ्या सामान्य माणसाने उचललेला असतो. त्याची परतफेड म्हणून महाराष्ट्र शासनाने एका वर्षाची बंधपत्रित सेवा ठेवली आहे. ती न केल्यास दहा लाख रुपये भरावे लागतात. वरच्या हिशेबाप्रमाणे ही रक्कम इंग्लंडातल्या डॉक्टराच्या सव्वातीन महिन्यांच्या हाती येणाऱ्या पगाराइतकी होते. समाजऋणाची किंमत सव्वातीन महिन्यांचा पगार! बंधपत्राने कुणाला थांबवता येईल, हा भ्रम या एका भागाकाराने दूर व्हावा.

केवळ जागा वाढवूनही हा प्रश्न सुटणार नाही. २०१४ पूर्वी देशात ३८७ वैद्यकीय महाविद्यालये आणि एम.बी.बी.एस.च्या सुमारे ५१ हजार जागा होत्या. २०२५ पर्यंत महाविद्यालये ७८० च्या आसपास आणि जागा १ लाख १५ हजारांच्या पुढे गेल्या. ही मोठी राष्ट्रीय कामगिरी आहे. परंतु केंद्र सरकारच्याच २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य अहवालात सामूहिक आरोग्य केंद्रांतील तज्ज्ञ डॉक्टरांची कमतरता जवळपास ८० टक्के नोंदवली गेली होती. डॉक्टर निर्माण करणे एक आणि तो जिथे हवा तिथे टिकवणे दुसरे.

तो कसा टिकतो, याची उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. १९६६ मध्ये डॉ. अशोकराव कुकडे यांनी सहकाऱ्यांसह लातूरला विवेकानंद रुग्णालयाची वाट धरली, तेव्हा पुण्यात व्यवसाय थाटणे त्यांना अवघड नव्हते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्या वेळी त्या टापूत हे रुग्णालय उभे होते, याचे मोल कोणत्या चलनात करणार? १९८९ मध्ये सात तरुण डॉक्टरांनी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, डॉ. हेडगेवार रुग्णालय सुरू केले. ज्यांचे नाव त्या रुग्णालयाला दिले आहे, त्या डॉक्टरांनी कलकत्त्याच्या नॅशनल मेडिकल कॉलेजातून वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून नागपूरला परतल्यावर कधी दवाखाना थाटला नाही. पण निदान मात्र अवघ्या समाजाचे केले.

या उदाहरणांकडे पाहताना आपण बहुधा त्यागापाशी थांबतो आणि हात जोडून मोकळे होतो. त्यातली व्यवस्था पाहत नाही. ही माणसे एकेकटी गेली नाहीत, गटाने गेली. एकाला ताप आला, तर दुसरा उभा होता. गावातल्या वकिलाने, व्यापाऱ्याने, शिक्षकाने त्यांना आपले मानले. मुलांच्या शाळेची, घराची, अडीनडीची काळजी वाहणारा समाज पाठीशी होता. एकट्या माणसाचा त्याग काही वर्षांत थकतो. समाजाने वाटून घेतलेला त्याग संस्था होऊन टिकतो.

म्हणून शासनाने आता बंधपत्राच्या दंडाऐवजी जाणाऱ्याला थांबावेसे वाटेल अशा हिशेबाचा विचार करावा. दुर्गम तालुक्यात एकटा डॉक्टर नेमण्यापेक्षा चार-पाच जणांचा गट एका वेळी नेमावा. पती-पत्नी दोघे डॉक्टर असतील, तर त्यांना एकत्र नेमणूक मिळावी. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पगार, राहण्यायोग्य निवासस्थान, रात्री दवाखान्यात पहारा आणि ठरावीक वर्षांच्या ग्रामीण सेवेनंतर पदव्युत्तर प्रवेशात ठोस प्राधान्य, यांतली एकही गोष्ट अशक्य कोटीतली नाही.

समाजानेही स्वतःकडे पाहावे. आपल्या तालुक्याला नवा डॉक्टर आला, तर त्याच्या घरी पहिल्या आठवड्यात कोण जाते? त्याच्या वृद्ध आईला मंदिरात नेणारे, त्याच्या पत्नीला गावची ओळख करून देणारे चार जण असतात का? रुग्णालयात जमाव चालून आला, तर मध्ये उभे राहणारे दहा स्वयंसेवक गावात आहेत का? हे काम कोणत्याही शासन निर्णयाची वाट पाहत नाही. शाखेच्या, मंडळाच्या, महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घेता येईल.

आणि पालकांना एवढेच सांगायचे आहे. पाल्याला परदेशी पाठवण्यापूर्वी एका कागदावर चार आकडे लिहा. हाती येणारा पगार, त्या गावातले घरभाडे, कुटुंब झाल्यावरचा खर्च आणि नोकरी न मिळाल्यास फेडावे लागणारे कर्ज. चारही आकडे एकाच चलनात लिहा. त्यानंतरही जाणे योग्य वाटले, तर निःशंक पाठवा. १८८६ मध्ये अमेरिकेत पदवी घेतलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी मायदेशी परतल्या त्या कोल्हापूरच्या रुग्णालयात काम करण्याची नेमणूक स्वीकारून. आयुष्याने त्यांना ती संधी दिली नाही. १८८७ च्या फेब्रुवारीत त्यांचे पुण्यात निधन झाले. परदेशी जाणे आणि देशाचे असणे यांत विरोध नाही, हे त्यांनी सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी दाखवून दिले. जाणाऱ्याने विद्या घेऊन परतावे. परतणे जमले नाही, तर वर्षातले काही आठवडे आपल्या तालुक्याच्या रुग्णालयाला द्यावेत, तिथल्या नव्या डॉक्टरांना शिकवावे. चार आकड्यांच्या खाली पाचवी ओळ लिहायची, ती समाजऋणाची. ती ओळ कोरी ठेवून केलेला कोणताही हिशेब, बेरीज कितीही मोठी आली तरी, अपुराच राहील.